ई-क्लासचं गवत

30 एप्रिल 2023, रविवार. पांढरकवडा

रात्री पुन्हा अवकाळी. सकाळी गावात गुरांच्या लसीकरणाला गेलो, तर घरोघर एकच काम चाललेलं: भिजलेलं कुटार उपसून अंगणात पसरायचं. सोयाबीनचं कुटार आतपर्यंत ओलं झालं की काळं पडतं, बुरशी धरतं. जनावर त्याला तोंड लावत नाही आणि भुकेपोटी लावलंच तर पोट बिघडतं. कडब्याची गंजी नीट रचलेली असली तर वरच्या पेंढ्या भिजतात, आतल्या शाबूत राहतात. पण ज्वारी पेरतो कोण? कणसं रानडुकरं ठेवत नाहीत, भावही मिळत नाही. म्हणून सगळीकडे पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. भाकरी रेशनच्या गव्हावर भागली, बैलाच्या दावणीचं काय, हे पेरा बदलताना कुणी विचारात घेतलं नाही.

पिकाच्या नुकसानीचे पंचनामे होतील. भिजलेल्या कुटाराची चौकशी करायला कुणी आल्याचं मी पाहिलेलं नाही.

18 जून, रविवार

मृग कोरडाच चालला आहे. आज ई-क्लासवर, म्हणजे गावच्या चराईच्या जमिनीवर, भांडण झालं. काठेवाड्यांच्या, म्हणजे गुजरातेतल्या फिरत्या पशुपालकांच्या, गाई आणि मेंढ्या तिथे उतरल्या होत्या. गावातल्या पोरांनी काठ्या घेऊन गाई हाकलल्या आणि आठ-दहा कोंडवाड्यात घातल्या. एका गाईच्या पुठ्ठ्यावर कुऱ्हाडीच्या दांड्याचा घाव होता, म्हणून मला बोलावणं आलं.

टाके घालताना कळपाचा म्हातारा शेजारी बसून फोनवर बोलत होता. त्यांचं मूळ गाव कच्छात. बिपरजॉय वादळ गुरुवारी जखाऊजवळच किनाऱ्याला धडकलं. घराचे पत्रे उडाले, माणसं ठीक आहेत, एवढं त्याला कळलं होतं. दोन पिढ्यांपासून ही माणसं विदर्भात फिरतात. पऱ्हाटी उलंगली, कापूस वेचून संपला, की याच गावचे शेतकरी त्यांना बोलावून वावरात मेंढ्या बसवून घेतात, लेंडीखत मिळतं म्हणून. फेब्रुवारीत पाहुणे, जूनमध्ये चोर.

सरपंचांच्या वडिलांना मी हे बोललो. ते म्हणाले, "त्यायचंबी खरं हाय डॉक्टरसाहेब. पण आपल्याच ढोरायले पुरत नाही, त त्यायले कुठून द्यावं?"

पुरत नाही हे खरंच आहे. वऱ्हाडातल्या इतर गावांसारखीच इथलीही ई-क्लास जमीन चराईसाठी राखलेली. त्यात शाळा आली, घरकुलं आली, एका कोपऱ्यात मुरमाची खदान झाली. उरलेल्यातला मोठा तुकडा भूमिहीन दलित आणि कोलाम कुटुंबं वाहतात. दादासाहेब गायकवाडांच्या 1964च्या सत्याग्रहापासून भूमिहीन ही जमीन मागत आले आहेत, आणि त्यांचं मागणं न्यायाचं आहे. गेल्या वर्षी उच्च न्यायालयात गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय निघाल्यापासून त्या घरांना नोटिशीची धास्ती आहे. गाववाल्यांचा राग खदानीवर निघत नाही. तो दोन-दोन एकर वाहणाऱ्या या कुटुंबांवर निघतो आणि काठेवाड्यांवर.

23 जुलै, रविवार

जून कोरडा गेला आणि काल एका दिवसात जिल्हा बुडाला. महागाव तालुक्यात आनंदनगरला अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. आमच्याकडे नाल्याकाठचे कोठे गेले. दाव्याला बांधलेल्या जनावराला पोहता येत असून उपयोग नसतो. एका बाईंनी अंधारात कोयत्यानं चारही दावी कापली, म्हणून त्यांच्या दोन्ही गाई आणि बैलजोडी आज नाल्यापलीकडे उभी सापडली. शेजारचं खुंट्यालाच मेलं.

31 ऑगस्ट, गुरुवार

महिनाभर आभाळ कोरडं. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट, 36 टक्के तूट, असं बातम्यांत सांगितलं.

आज गावची ढोरं चारणाऱ्या गायक्याबरोबर रानात गेलो. गोवारी माणूस. बाप गायकी, आजा गायकी. 1994च्या नोव्हेंबरात नागपूरला विधानभवनावरच्या मोर्चात चेंगरून 114 गोवारी गेले, त्या मोर्चात त्याचा काका होता. तो वाचला. चालता चालता गायकी मला जमीन दाखवत होता. ई-क्लासवर जे हिरवं दिसतं, त्यातलं बरंचसं तरोटा आणि गाजरगवत. ढोर हुंगतं आणि पुढे जातं. पवन्या, मारवेल हे खायचं गवत जुलैत उगवलं, पण फुटवा धरायच्या आतच पाणी तुटलं, तेव्हा ते वीतभरच राहिलं. ढोरांनी ते मुळासकट ओढलंय. आता पुढच्या वर्षी बी कुठून पडणार? मग तो जंगलाकडे वळला. तिथे झाडाखाली ओल टिकते, थोडं गवत असतं. रायमुनियाच्या जाळ्याही असतात, आणि त्यात वाघ बसतो.

मी थांबवलं. तो म्हणाला, "वाघ एखांद्या दिवशी खाईन साहेब. भूक त रोजच खाते."

टिपेश्वर अभयारण्य 148 चौरस किलोमीटरचं. तिथले वाघ वाढले, तरुण वाघ बाहेर पडतात आणि वावरं, नाले, झुडपं यांतून जागा शोधतात. 2016 ते 2018 या काळात राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात 13 माणसं गेली. त्यांचा ठपका टी-1 वाघिणीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये हस्तक्षेप नाकारला आणि 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली. बाहेरच्या जगाने तिला अवनी म्हटलं, तिच्यासाठी निदर्शनं केली. तिचं मरण मलाही लागलं. पण मेलेली माणसं बहुतेक वावरात किंवा ढोरांमागे गेलेली होती, आणि ती तिथे का गेली हा प्रश्न त्या निदर्शनांत मला ऐकू आला नाही. ई-क्लासवर गवत असतं तर कळप रायमुनियात कशाला शिरला असता?

14 सप्टेंबर, गुरुवार. पोळा

तोरणाखाली बैलजोड्या मोजक्याच. पेरणी, डवरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर गेली. गेल्या वर्षी लम्पीनं बैलबाजार बंद होते आणि शेळ्यांच्या देवीची लस आम्ही गाई-बैलांना टोचत फिरलो. माशा, डास, गोचीड हा रोग पसरवतात, आणि दमट दिवस लांबले की त्यांचंच राज्य. यंदाही गाठी आलेली दोन जनावरं आज बाजूला बांधायला लावली.

2015च्या कायद्याने बैलाची कत्तल बंद झाली. शेतकऱ्याचं बैलावर प्रेम नाही असं कुणी म्हणू नये, आज त्या शिंगांना हिंगूळ लावणारे हात मी पाहिले. पण थकलेला बैल विकून त्यात भर घालून नवा गोऱ्हा घ्यायचा, ही त्याची रीत होती. ती मोडली. चारा नाही, गिऱ्हाईक नाही, तेव्हा म्हातारं जनावर रात्री दुसऱ्या शिवारात सोडून देतात. ते तिथल्या तुरीत शिरतं. या एका कारणावरून भावकीतली दोन घरं यंदा पोळ्याला एकमेकांच्या दारी बैल घेऊन गेली नाहीत.

8 ऑक्टोबर, रविवार

एका प्रशिक्षणात गाईगुरांच्या ढेकरांतून निघणाऱ्या मिथेनवर व्याख्यान झालं. शास्त्र खरं आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो, मिथेन तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. निकृष्ट, काष्ठमय चाऱ्यावर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे तो जास्त निघतो. म्हणजे आमच्या उपाशी गाईवर ठपका मोठा. ग्लासगोच्या 2021च्या मिथेन प्रतिज्ञेत भारत सामील झाला नाही, ते मला पटतं. पण तिला चांगला चारा देणं हे हवामानाचंही काम आहे, तेवढं तरी आपण मान्य करावं.

हवामानामुळे भांडणं कशी पेटतात हे सांगताना व्याख्यात्यांनी सुदानमधल्या दारफूरचं उदाहरण दिलं. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून यांनी लिहिलं होतं की तिथल्या संघर्षाचं मूळ पर्यावरणाच्या संकटात, पाऊस आटण्यात आहे. मला हे अर्धंच वाटतं. पाऊस आटला म्हणून कुणाच्या हाती बंदूक येत नाही. ती कुणीतरी देतं, आणि जमिनीचे जुने करार कुणीतरी आधी मोडलेले असतात. आमच्या वऱ्हाडचंच पाहा. 1861 नंतर अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला, कुरणं नांगरली गेली, उरलेली जंगलं सरकारी वर्गवारीत बंदिस्त झाली. बंजाऱ्यांचे लमाणी बैल रेल्वेनं बेकार केले. मग 1899-1900चा दुष्काळ आला आणि ढोरं पटापट मेली, कारण दुष्काळात जिथे जायचं ती रानं उरलीच नव्हती. आत्ताचं ऊन तेव्हापेक्षा कडक आहे, पण जायला जागा नसणं तेच आहे.

28 नोव्हेंबर, मंगळवार

परवापासून पुन्हा अवकाळी. वेचायचा कापूस झाडावर भिजला.

दुपारी ग्रामसभा झाली. हे गाव केळापूर तालुक्याच्या पेसाखालच्या, म्हणजे आदिवासी क्षेत्रांच्या पंचायत कायद्याखालच्या, भागात येतं, त्यामुळे इथे ग्रामसभेच्या शब्दाला कायद्याचं वजन आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(1)(घ) मध्ये चराईचा हक्क आहे, आणि त्यात फिरत्या पशुपालकांचाही उल्लेख आहे. तो मी वाचून दाखवला. काठेवाड्यांचं नाव निघताच आरडाओरडा झाला. गायकी उठला. त्याचं म्हणणं एवढंच: खदानीचा ठेका संपतोय, तो पुन्हा देऊ नका. त्या भागात दोन पावसाळे ढोर सोडू नका, गवत कापून न्या. वाहिलेल्या तुकड्यांना हात लावू नका. आणि काठेवाड्यांना पऱ्हाटी उलंगल्यावर यायचं, मृगाआधी निघायचं, असं लिहून द्या, म्हणजे कोंडवाड्याचं भांडण राहणार नाही.

पहिले तीन ठराव झाले. चौथ्यावर हात कमी उठले. तो पुढच्या सभेत घ्यायचा ठरला आहे, आणि त्याआधी कळपाच्या म्हाताऱ्याला सभेला बोलवायचं काम माझ्याकडे आलं आहे.