आमची चुन्याची भट्टी

गेल्या वर्षी जूनमध्ये आमची आत्या प्रथमच इंग्लंडला आली. वय ७८. लंडनमधला राजवाडा, पूल, संग्रहालय सगळे दाखवून झाले. प्रत्येक ठिकाणी तिचा अभिप्राय एकच, "बरं हाय." मग आम्ही चार दिवस यॉर्कशर डेल्समध्ये गेलो. तिथे सेटल गावाजवळ लँगक्लिफ येथे पावसाने गाठले आणि आडोशासाठी एका लांबलचक कमानदार बोगद्यात शिरलो.

ती होती चुन्याची भट्टी! १८७३ साली हॉफमन पद्धतीने बांधलेली. लांबट वर्तुळात एकाला एक लागून २२ कप्पे. एका कप्प्यात चुनखडी भाजली जात असताना पुढच्यात माणसे हातांनी दगड रचत आणि मागच्यातून तयार चुना काढत. आग विझू न देता कप्प्याकप्प्याने पुढे सरकवायची. चुना शेजारच्या रेल्वेने गावोगावी जाई. १९३१ मध्ये भट्टी थंडावली. पुढे थोडा काळ पुन्हा पेटली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कायमची विझली.

मी पाटी वाचत होतो तेव्हा आत्या मान वर करून छतातली भोके न्याहाळत होती. म्हणाली, "हितनं कोळसा टाकत असतील." पाटीवर नेमके तेच लिहिले होते.

"आजी, तुला कसं कळलं?" माझ्या मुलाने विचारले.

"अरं, आपलीबी भट्टी हुती की!"

मग तिथेच दगडावर बसून तिने सगळे सांगितले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाबाहेर, ओढ्याकाठी आजोबांची भट्टी होती. ओढ्यातले चुनखडीचे खडे वेचायचे, कोळशाचा थर, खड्यांचा थर असे रचायचे आणि रात्रभर जागून भाजायचे. शंभर किलो खड्यांतून जेमतेम छप्पन किलो कळीचा चुना हाती लागतो, बाकीचा वायू होऊन उडून जातो, हे मी शाळेत शिकलो. आत्याला ते पाटीच्या वजनावरून ठाऊक होते. चुन्यावर पाणी ओतले की तो फसफसून उकळायचा. बैलांच्या घाण्यात वाळूबरोबर तो दळला जाई. त्याच चुन्याने वाडे आणि देवळे उभी राहिली. चुना उडून आजोबांचा एक डोळा गेला. आत्याच्या तळहातांच्या भेगा अजून बुजलेल्या नाहीत. सिमेंट आले आणि भट्टी बंद पडली.

मंडळी, आता एक कबुली देतो. आपल्या कार्यक्रमांत कोणी घरच्या धंद्याविषयी विचारले, तर "बांधकामाचा व्यवसाय" असे मी १८ वर्षे सांगत आलो. मुलांनाही तेच सांगितले. पाट्या वाहणारी आत्या आणि एका डोळ्याचे आजोबा त्या दोन शब्दांत छान झाकले जात. मुंबईच्या चुनाभट्टी स्टेशनाचे नाव निघाले तरी मी विषय बदलत असे.

परतताना गाडीत मुलाने विचारले, "बाबा, तुम्ही हे आम्हाला कधीच का नाही सांगितलंत?" मला उत्तर सुचले नाही. आत्यानेच मला वाचवले. "त्येला कुटं आठवतंय, ल्हान हुता तो," ती म्हणाली. मी लहान नव्हतो. भट्टी बंद झाली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ओढ्यावर खडे वेचायला जात होतो.

ओढ्याकाठी आज नुसता मातीचा उंचवटा आहे. इथल्या भट्टीला मात्र पाटी आहे, राखण आहे आणि शाळेची मुले ती पाहायला येतात. माझ्या मुलाने आत्याचे बोलणे दोन वह्यांत लिहून घेतले आहे. सध्या आमची पाटी तीच.

मंडळाची उन्हाळी सहल तिकडे न्यावी, अशी कार्यकारिणीला विनंती. तिकीट नाही. आत अंधार असतो, म्हणून टॉर्च आणावा. छतातल्या भोकांविषयी सांगायला मी बरोबर येईन.