शेरा

परवा दादरमधल्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापिकांशी बोलत होतो. कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी विचारले, तेव्हा शिक्षकाची जागा यंत्र घेईल का, अशा वळणाने चर्चा जाईल असे मला वाटले होते. त्यांनी टेबलावरच्या फायली दाखवल्या. परिपत्रकांची उत्तरे, पालकसभेच्या सूचना, यू-डायसची माहिती, सभांची इतिवृत्ते. "यातले निम्मे जरी त्याने लिहून दिले, तरी मला ते हवे आहे. तेवढ्या वेळात मी वर्गावर जाईन." नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून आपण प्राध्यापक मंडळी जी तात्त्विक चिंता वाहतो आहोत, तिच्यापेक्षा हे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटले. नॅकच्या अहवालातले दोन परिच्छेद गेल्याच महिन्यात मीही यंत्राकडून लिहून घेतले होते.

पुढे त्या सहज म्हणाल्या, की प्रगतिपुस्तकातल्या नोंदींचा मसुदाही आता काही शिक्षक तसाच करतात. मी चपापलो. सहावीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर वर्गशिक्षिकेने लिहिले होते : 'अक्षर वाईट. निबंध मात्र स्वतःचा.' मी मराठीकडे वळलो तो त्या 'मात्र'मुळे. हे मी त्यांना सांगितले.

"सर, यंत्र तर आत्ता आले," त्या म्हणाल्या. त्यांचे खरे होते. महाराष्ट्रात २०१०मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी लिहायच्या ठरल्या. प्रत्येक मुलाकडे शिक्षकाने नीट पाहावे, हा हेतू. पण पट मोठा आणि वेळ थोडा. मग तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. 'कविता तालासुरात म्हणतो', 'शब्दांचा योग्य वापर करतो'. न पाहता लिहिण्याची सवय आपल्याला यंत्राच्या आधीच लागली होती.

यावर मुख्याध्यापिकांनी आपल्यापुरता एक नियम केला आहे. मसुदा कोणीही करो, प्रत्येक मुलासाठी एक वाक्य शिक्षकाने स्वतः लिहायचे. वर्गातल्या दुसऱ्या कोणालाही लागू पडणार नाही असे.

घरी येऊन एम.ए.च्या स्वाध्यायांचा गठ्ठा उघडला. तपासून झालेल्या अकरा स्वाध्यायांवर माझ्याच हस्ताक्षरात एकच शेरा होता : 'चांगला प्रयत्न.'