गाडीचा उंबरठा

मागच्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून नवी गाडी घेऊन वाशिमला आला आणि भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मायला कारंज्याला गुरुमंदिरात न्यायचं ठरलं. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वय 84, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, अंगावर अजूनही नऊवारी. अंगणात ती गाडी उभी होती, लांबलचक, काळी, चकचकीत. पुतण्याने मागचं दार उघडून धरलं. मोठ्या मायने एक हात दाराच्या चौकटीवर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर, मान खाली घातली, पाठ आत वळवली आणि तिथेच अडकली. वर उतरतं छत, खाली रुंद उंबरठा, सीट त्याच्याही पलीकडे. शेवटी तिने अंग सोडून दिलं. सीटने तिला अलगद झेललं, पण त्या अर्ध्या क्षणात तिच्या तोंडावर जी भीती उमटली ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

"माय व, हे तं विहिरीत उतरल्यावानी वाटते," ती म्हणाली.

मग दार लागलं. आजच्या महागड्या गाडीचं दार लागतं तेव्हा आवाज होत नाही, बाहेरचा आवाज थांबतो. रस्त्यावरचे फटाके, शेजारच्या अंगणातली पोरं, सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर, सगळं एकदम दूर गेलं. पुतण्याने एक बटन दाबलं, तशी तिच्या पाठीमागची गादी हळूच मागे कलली. तिने पाय लांब केले. समोरची सीट तिच्या पावलांपासून अजून हातभर दूर होती. पाच मिनिटांनी ती आपणहून म्हणाली, "आता सुखाचं हाये बाप्पा." आणि हेही खरंच होतं. सुख होतं, भरपूर होतं. फक्त त्या सुखापर्यंत पोचण्याची वाट अवघड होती.

तेव्हापासून मी गाडीतल्या जागेचा विचार करतो आहे. आमच्या घराला या जागेचा पहिला अनुभव दिला तो मोठ्या बाबांच्या ॲम्बेसेडरने. मोठे बाबा म्हणजे मोठ्या मायचे यजमान, धंद्याने अडत्या. तूर-कापसाच्या दोन हंगामांनी बरे दिवस दाखवले तेव्हा त्यांनी अकोल्याहून एक जुनी ॲम्बेसेडर आणली. नवीन घ्यायची तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबण्याचा तो काळ. इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड हीच मुळात ती गाडी. बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात तिची ॲम्बेसेडर झाली आणि मे 2014मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिचं रूप फारसं बदललं नाही. आमच्या गाडीची पुढची सीट एकसलग होती, बाकासारखी. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबाला, त्यामुळे मध्ये काहीच नाही. पुढे ड्रायव्हर धरून तिघं मोठे आणि एक पोर, मागे चौघं, त्यांच्या मांडीवर आम्ही. डिक्कीत तुरीच्या डाळीची पोती, सतरंजी, स्टोव्ह. पुढे बंपरला छागल लटकवलेली. वाऱ्याने त्या कॅनव्हासच्या पिशवीतलं पाणी असं गार व्हायचं की पातूरचा घाट उतरल्यावर पहिली मागणी तिची व्हायची.

मागच्या सीटवर मोठी माय मांडी घालून बसायची. सपाट गादी, आत स्प्रिंगा, वर रेक्झिन. तिच्यावर घरच्यासारखी मांडी घालता यायची, कुशीवर वळता यायचं, पोराला पाळण्यात टाकावं तसं आडवं टाकता यायचं. आजच्या गाडीची सीट प्रत्येक शरीराला त्याचा त्याचा खोलगट कप्पा आखून देते. कंबरेला आधार, मांडीला आधार, दोन्ही बाजूंना कडा. एकट्या माणसाला ते फार मानवतं. पण त्या कडांवर मांडी बसत नाही आणि दोघांच्या मधोमध तिसरा अवघडून बसतो, कारण खाली लांबवर गेलेला उंचवटा असतो आणि पाठीला हात टेकायच्या फळीचा कडक भाग लागतो. जुन्या गाडीतली जागा सगळ्यांची मिळून होती. कोण किती घेतो हे प्रवासात ठरायचं, थोडं सरकून, थोडं दाबून.

आता आकडे बघू, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. ॲम्बेसेडरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2464 मिलिमीटर. चाकणला तयार होणाऱ्या आजच्या लांब ई-क्लास मर्सिडीजचं 3094. म्हणजे 630 मिलिमीटर, दोन फुटांहून थोडं अधिक. बीएमडब्ल्यूची 2024मध्ये आलेली लांब 5 सिरीज तर 3105वर गेली आहे. या वाढलेल्या लांबीचा एक भाग मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे जागा करण्यात खर्च होतो. मर्सिडीज 1995 साली पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळायला लागली तेव्हाची ई-क्लास लांबीला जगात सगळीकडे होती तशीच होती. ही लांब, मागच्या माणसासाठी ताणलेली आवृत्ती 2017पासून आपल्याकडे मिळू लागली, कारण या देशात एवढी महाग गाडी घेणारा पुष्कळदा स्वतः चालवत नाही, मागे बसतो. आमच्या शेजारच्या मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, ऑक्टोबर 2010मध्ये उद्योजक-व्यावसायिकांनी मिळून एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. ती बातमी वाशिमच्या पानटपरीवर कितीतरी दिवस चालली. त्याच शहराच्या शेंद्र्याला पूर्वी जुळणारी स्कोडा सुपर्ब लोकांच्या लक्षात राहिली तीही मागे पाय पसरायला मिळणाऱ्या जागेमुळेच. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण ऐकत आलो. या गाड्यांनी अंथरूणच वाढवून दिलं.

आता उंची. ॲम्बेसेडर जमिनीपासून छतापर्यंत सुमारे 1.6 मीटर. आजची लांब सेडान दीड मीटरच्या आसपास. लांबीत दोन फूट मिळाले आणि उंचीत चारेक इंच गेले. तरुणाला या चार इंचांचं काही वाटत नाही. मोठ्या मायला दोन फुटांपेक्षा ते चार इंच मोठे आहेत.

छत खाली का आलं याची कारणं प्रामाणिक आहेत. गाडी बसकी असली की वारा कमी अडतो, इंधन कमी लागतं, वळणावर ती कमी झुकते. छत खाली आलं की माणसाला खाली बसवावं लागतं, आणि खाली बसलेल्या माणसाचे पाय समोर लांबवावे लागतात. म्हणजे पाय पसरायची ती ऐसपैस जागा थोडी या खाली बसण्यातूनही जन्मली आहे. जुन्या गाड्यांत माणूस खुर्चीवर बसावा तसा ताठ बसायचा, त्यामुळे कमी लांबीत अधिक माणसं मावायची. अमेरिकेत क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर यांचा तर आग्रहच होता की डोक्यावरची हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. मला हे वाचून आबाजींचं, म्हणजे आजोबांचं, पागोटं आठवलं. आमच्या ॲम्बेसेडरमध्ये त्यांना ते कधी काढावं लागलं नाही.

आणि तो उंबरठा. दाराखालची ती पट्टी एवढी रुंद का, हे मी पुतण्याला विचारलं. तो इंजिनिअर आहे, त्याने नीट समजावून सांगितलं. बाजूने दुसरं वाहन आदळलं तर आतल्या माणसापर्यंत ते पोचू नये म्हणून तिथे पोलादाची मजबूत पेटी असते. दारंही त्याचसाठी जाड, आत आडवी दांडी, कडेला एअरबॅग. म्हणजे जी जाडी मोठ्या मायला आत जाऊ देत नव्हती, तीच आत गेल्यावर तिचा जीव राखणार होती. हे कळल्यावर मी त्या उंबरठ्यावर राग धरू शकलो नाही. उलट पातूर-मेडशीच्या घाटात पुढच्या बाकावर ड्रायव्हर आणि बापाच्या मध्ये, कुठल्याही पट्ट्याविना, समोरच्या पत्र्यावर हात टेकून उभा राहिलेला सात वर्षांचा मी आठवलो आणि अंगावर काटा आला. आमच्या त्या आनंदी दाटीचं रक्षण कोणी करत नव्हतं. मेच्या उन्हात खिडक्यांना ओले पंचे लावून केलेला वाशिम-अकोला प्रवास आता गोड वाटतो. तेव्हा आमच्यातलं एखादं पोर दर खेपेला ओकायचं.

दाटी आमच्या जिल्ह्याला नवी नाही. ॲम्बेसेडरच्या आधी दमणी होती. तट्ट्याखाली कडबा, त्यावर गोधडी, बैलांच्या चालीने हलणारी. कारंज्यावरून जाणारी शकुंतला होती, मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटांच्या रुळांवरची. डबा इतका अरुंद की समोरच्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागायचा आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्याच्या घरची सगळी माहिती झालेली असायची. काळीपिवळीत तर आजही मालेगाव-वाशिम प्रवासात कोणाची पिशवी कोणाच्या मांडीवर हे विचारायची सोय नाही. आपल्याकडे वाहनातली जागा माणसांत मोजली गेली. मिलिमीटर फार पुढे आले.

कारंज्याला निघालो त्या दिवशी आम्ही शेलूबाजारजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, आणि 5 जून 2025पासून मुंबईच्या दाराशी आमण्यापर्यंत 701 किलोमीटर सलग झाला. आमच्या कोरडवाहू रानांतून, तुरीच्या पिवळ्या फुलांच्या मधून, तो सरळ निघून जातो. गाडीचा काटा 118वर होता आणि आत पाण्याची बाटली हलत नव्हती. मोठी माय झोपली. समोर बसलेल्या माझेही डोळे जड झाले. ॲम्बेसेडर 80ला गेली की खिडक्या थरथरायच्या, मोठे बाबा मागून "हळू रे" म्हणायचे. वेग अंगाला कळायचा. इथे वेगाचा पत्ताच लागत नव्हता. मी पुतण्याशी मुद्दाम बोलत राहिलो, दर दहा मिनिटांनी काही ना काही विचारत राहिलो. त्या रस्त्यावर त्या शांततेत चालवणाऱ्याशी कोणीतरी बोलत राहिलं पाहिजे असं मला तेव्हा वाटलं, अजून वाटतं. आरामाने सगळ्या गाडीला झोप आणली तर एकाने तरी जागं राहायला हवं.

कारंज्याला गुरुमंदिराच्या गल्लीशी गाडी थांबली आणि खरी परीक्षा आली. चढण्यापेक्षा उतरणं कठीण, हे गुडघे दुखणाऱ्या कोणालाही विचारा. बसलेल्या माणसाला उठायचं तर आधी पाय बुडाखाली ओढून घ्यावे लागतात. उंबरठा रुंद असला की पावलं त्याच्या बाहेर राहतात आणि बूड आत. मग उठायचं कशाच्या जोरावर? तिने दोनदा प्रयत्न केला. पुतण्या एका हाताला, मी दुसऱ्या, तिची नऊवारी उंबरठ्याला घासून धुळीने माखली. तेवढ्यात समोरच्या फुलवालीने आपली प्लास्टिकची खुर्ची आणून दाराला लावली. "आजी, आदी याच्यावर सरका, मंग उठा," ती म्हणाली. मोठी माय सीटवरून खुर्चीवर सरकली, पाय खुर्चीखाली घेतले, आणि एका दमात उभी राहिली. फुलवालीला हे कोणी शिकवलं असेल? रोज तिच्यासमोर गाड्या थांबतात, रोज म्हातारी माणसं त्यांतून ओढून काढली जातात. तिने पाहून पाहून उपाय शोधला होता.

दर्शन झालं. परत निघताना पुतण्याने ती खुर्ची फुलवालीकडून विकत घेतली आणि डिक्कीत टाकली. अजून ती तिथेच असते.

गावोगावचे लोक सेडान सोडून उंच गाड्यांकडे वळले त्याची कारणं रस्ते, खड्डे, रुबाब अशी सांगितली जातात. वाशिमच्या घराघरांत मला आणखी एक कारण दिसतं, बोललं जात नसलं तरी: बाबांना बसता येत नाही. पण फार उंच गाडीतही तोच त्रास उलटा होतो, पायदानावर पाय उचलायलाही गुडघाच लागतो. त्या दोहोंच्या मधली, खुर्चीएवढी, साडीएवढी, पागोट्याएवढी उंची ॲम्बेसेडरला लाभली होती. ती कोणी म्हाताऱ्यांचा विचार करून ठरवली होती असं मी म्हणणार नाही. पण ती होती. आज पाठ कलवणारी, गादी गरम-गार करणारी, मांडीला पुढून आधार देणारी यंत्रं एका सीटमध्ये बसवता येतात, तर आत शिरणाऱ्या माणसासाठीही काही करता येईलच, असा माझा विश्वास आहे.

तोवर एवढंच मागणं. गाडी घ्यायला जाल, मग ती एक कोटीची असो की सहा लाखांची, तेव्हा घरातलं सर्वांत वयस्क माणूस बरोबर न्या. पेढे द्यायच्या दिवशी नव्हे, गाडी ठरवायच्या दिवशी. त्यांना मागच्या दारातून दोनदा बसू द्या आणि दोनदा उतरू द्या, हात न देता. आणि त्यांचं तोंड बघा.