खाटेपाशी ओव्हर

आमच्या परिसेविका बाईंना मी आवडत नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मायेचा हात वगैरे शोधायला नको. "अक्षर सुधार आणि दारं आपटू नकोस," असं त्या सगळ्यांदेखत सुनवायच्या. तरी सरकारी नोकरीत मी टिकले ती त्यांच्यामुळे.

जिल्ह्याच्या रुग्णालयातला बायकांचा सर्जिकल वॉर्ड. अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५चा, म्हणजे तेव्हा तसा नवाच. त्यात मोडणारं पेथिडिन, हे वेदनाशामक इंजेक्शन, दुहेरी कुलपात असे. रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, डॉक्टरांची ऑर्डर, देणारीची सही, साक्षीदाराची सही, आणि वापरलेलं रिकामं अँप्युल परत. एका रात्री एक अँप्युल कमी भरलं. 'हातातून पडून फुटले' अशी नोंद आधीच झालेली. साक्षीदाराची जागा तेवढी माझ्यासाठी मोकळी. मी म्हटलं, काचा दाखवा. त्या झाडून टाकल्या होत्या म्हणे. मी सही केली नाही.

त्यावरून कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं. मी आले की चहाच्या खोलीतलं बोलणं थांबे. बीपीचं यंत्र नेमकं माझ्या पाळीला गायब. नातेवाइकांच्या कानात कुणीतरी घालून ठेवी, 'त्या सिस्टरचा हात जड आहे.' आणि पाळी बदलताना जाणारीनं येणारीला द्यायची माहिती, म्हणजे ओव्हर, ती पर्स खांद्याला अडकवून 'सगळं ठीक आहे' एवढे तीन शब्द. एखाद्याला हटकलं तर काय होतं, याची धास्ती आमच्या पिढीच्या मनात होतीच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात नोव्हेंबर १९७३मध्ये परिचारिका अरुणा शानबागवर हल्ला करणारा तिथलाच कर्मचारी होता, आणि तिनं कामावरून बोलल्याचा डूख त्यानं धरला होता, हे आम्ही हॉस्टेलवर ऐकत आलो होतो. पण तिला २०१५पर्यंत, तिच्या मृत्यूपर्यंत, सांभाळलं तेही तिथल्या परिचारिकांनीच. दोन्ही प्रकारची माणसं एकाच छपराखाली असतात.

एका सकाळी एका मधुमेही आजींच्या चार्टवर सकाळच्या इन्सुलिनचा रकाना कोरा होता. मी डोस भरून खाटेशी गेले. आजी म्हणाल्या, "पोरी, मघाशी टोचलं की त्या दुसरीनं. आता परत कशापायी?" रात्रपाळीनं दिलं होतं, लिहिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. मुद्दाम की घाईत, ते मला आजवर कळलेलं नाही. दुसरा डोस गेला असता तर साखर उतरून आजी बेशुद्ध पडल्या असत्या आणि कागदावर सही माझी असती. राग माझ्यावर होता ना, मग मधे आजी कशाला?

मी बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "लेखी देतेस?" मी गप्प. "देऊ नकोस. दोन गट पडतील आणि मग वॉर्डात काम सोडून तेवढंच चालेल." मला तेव्हा हे भेकडपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओव्हर टेबलावरून उठवून खाटेपाशी नेली. जाणारी आणि येणारी, दोघींनी प्रत्येक रुग्णासमोर उभं राहायचं; काय दिलं, काय द्यायचं ते चार्ट हातात धरून, रुग्णाला ऐकू जाईल असं वाचायचं. शेवटी कपाट उघडून अँप्युलं मोजायची, दोघींच्या सह्या. सर्वांना, तिन्ही पाळ्यांना एकच नियम. कुणाचं नाव नाही, कुणाला मेमो नाही. रात्रीच्या ओव्हरला त्या घरून चालत येत आणि दाराशी नुसत्या उभ्या राहत. पहिल्याच आठवड्यात बोलणी बसली ती मला, सलाइनच्या बाटलीवर वेळ लिहिली नाही म्हणून.

चहाच्या खोलीतली शांतता काही लगेच फुटली नाही. पण खाटेपाशी, रुग्ण ऐकत असताना, कुणाला काही लपवता येईना. मला तेवढं पुरलं.

पुढे बाईंविरुद्ध निनावी अर्ज गेला: वॉर्डातलं दूध-पाव घरी नेतात. चौकशी झाली. त्यांनी आहाराचं रजिस्टर पुढे ठेवलं. काही निघालं नाही. तरी जूनमध्ये तालुक्याला बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, "बाई, हे माझ्यामुळे झालं का?" त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी मी काही केलेलं नाही. आजीसाठी केलं." आणि चाव्या मोजून नव्या बाईंच्या हातात दिल्या.

मी परिसेविका झाले तेव्हा माझ्या वॉर्डात ओव्हर खाटेपाशीच होई. मुली कुरकुरत, "सिस्टर, अर्धा तास जातो, बस चुकते." चुकायची, खरं आहे. मी ड्यूटी लिस्ट लावताना लांबून येणाऱ्यांचा तेवढा विचार करायचे.