वाकताना गेलेला तडा

पावसाळा तोंडावर आलेला. कपड्यांची दोरी बांधायला आजोबांनी जाड जस्ती पट्टी ठोकून काटकोनात वाकवली, तर वळणावर केसासारख्या बारीक भेगा! तडक दुकान गाठून त्यांनी चारचौघांत दुकानदाराला सुनावले, "नकली माल विकतोस!"

शेजारच्या वेल्डरने पट्टी निरखली. "काका, माल चोख आहे," तो म्हणाला. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापलेल्या, वितळलेल्या जस्तात पोलाद बुडवले, की दोन्ही धातूंचे मिश्र थर तयार होतात. वरचे जस्त मऊ. आतले हे थर कडक, पण ठिसूळ. वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते. पोलाद ताण सोसते, थर तडकतात. मुलामा जाड आणि वळण टोकदार, तर भेगा अधिक. म्हणून आधी वाकवावे, मग मुलामा द्यावा. नाहीतर वळण गोलसर ठेवावे. बारीक भेगेत जस्त स्वतः झिजून पोलादाला गंजू देत नाही. पण पपुद्रा निघाला, तर तिथे जस्तयुक्त रंग हवाच.

रंग आणायला आजोबा त्याच दुकानात गेले. चारचौघांतच दुकानदाराची माफी मागितली. सत्तरीत वाकणे सोपे नव्हते; पण नात्यातला तडा सांधला गेला.