आजोळचा वारसा

लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो.

"दादा, तुझा भाचा आंब्याची पाने तपकिरी रंगवतो रे. तुझेच आले की काय त्याला?"

मी गप्प राहिलो. मॅट्रिक झाल्यावर मीही रेल्वेत शिरायला निघालो होतो. लेखी परीक्षा झाली, उंची-वजन जमले. मग डॉक्टरांनी ठिपक्यांचे पुस्तक उघडले. इतरांना त्यात आकडे दिसत, मला नुसते ठिपके! इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढलेली ही चाचणी. त्या गृहस्थांनी मला लाल दिवा दाखवला, आणि तोही मला धड ओळखता आला नसता. म्हणून मास्तर झालो.

आमचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, असेच. पिकलेली मिरची त्यांना झाडावर सापडत नसे. आईला सगळे रंग दिसत; दोष मात्र तिच्या एका गुणसूत्रातून माझ्याकडे आला.

पुढे हौसेने थोडे वाचले. डोळ्याच्या पडद्यावर रंगासाठी तीन तऱ्हेच्या पेशी असतात. त्यांतली एक तऱ्हा आमच्याकडे अधू. पण एकटी पेशी रंग ओळखतच नाही; आपल्यावर किती उजेड पडला, एवढेच सांगते. तिघींच्या साक्षी ताडून पाहणे डोळ्यातच सुरू होते. निकाल लागतो तो मेंदूच्या मागच्या भागात. १९७३ साली सेमिर झेकी यांनी माकडाच्या मेंदूत रंगाला जागणाऱ्या पेशींचा एक मुलूखच दाखवून दिला. पणतीच्या पिवळ्या उजेडातही रांगोळी आपल्याला पांढरीच दिसते ना? पणतीचा पिवळेपणा मेंदू हिशेबातून वजा करतो, म्हणून! माणसाच्या मेंदूतल्या अशाच जागेला इजा झाली, तर डोळे शाबूत असूनही जग राखी होते. आमचे उलटे: न्यायाधीश चोख, साक्षीदार अधू.

दिवाळीला दोन दिवस असताना लातूर गाठले. डॉक्टरांकडे तेच पुस्तक, तेच ठिपके. घरी येताच बहिणीने डोळ्यांना पदर लावला. "माझ्यामुळेच ना रे?"

"आजोबांना विचार," मी म्हणालो. ती हसली नाही.

"मामा, मग मला इंजिन चालवता यायचे नाही?" भाच्याने विचारले.

"नाही रे बाळा."

तो बराच वेळ बोलला नाही. मग आम्ही दोघे आकाशकंदील करायला बसलो. दाराशी उभी राहून बहीण पाहत होती.

"यातला हिरवा कागद कोणता?" तिने विचारले.

आम्ही दोघांनी एकदमच बोट दाखवले, दोन वेगळ्या कागदांकडे. तेव्हा कुठे ती हसली.