पदवी कॉमर्सची, शिकवणी पियानोची

‘मिस, तुम्ही म्युझिक कुठल्या कॉलेजात केलंत?’ नवीन मुलाला घेऊन आलेले पालक हमखास विचारतात. ‘कॉलेज गोन्सालो गार्सिया, पण बीकॉम,’ असं मी सांगते. काहींचा चेहरा तेवढ्यानेच उतरतो. त्यात त्यांचं काही चुकत नाही. पेटी-तबल्याच्या क्लासवर ‘विशारद’ अशी पाटी असते; माझ्या दारावर तसं काही नाही.

वसई गावात, होळी बाजाराजवळ आमचं घर. वाजवायला मी शिकले ते चर्चच्या गायनमंडळात. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनमधली उपासना मराठीत आली आणि गायनमंडळात पेटी-तबलाही रुळला. माझ्या वाट्याला कीबोर्ड आला. गाण्याच्या शब्दांवर कॉर्डची अक्षरं लिहिलेली एक वही, बाकी सगळं कानावर. लग्न असो, मयत असो, नाताळ असो, फादर ज्या पट्टीत सूर उचलतील तिकडे निमूट जायचं. पट्टी चालू गाण्यात बदलण्याची सवय हातांना तिथेच लागली. नोटेशन मात्र वाचता येत नव्हतं.

ते शिकायला वांद्र्याला जायला लागले. अंधेरीत अकाउंट्सची नोकरी, तिथून पुढे क्लास, मग विरार लोकलच्या गर्दीतून घरी. माझ्या टीचरनी मला लंडनच्या असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षांना बसवलं. १८८९ साली स्थापन झालेल्या या बोर्डाच्या आठ ग्रेड असतात. वयाची अट नाही, कॉलेजची नाही. आपल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात, तशाच याही. प्रात्यक्षिक दीडशे मार्कांचं, शंभरला पास. फक्त सहाव्या ग्रेडला बसायचं तर आधी पाचवीची थिअरी सुटावी लागते, आणि कानावर वाजवणाऱ्यांची गाडी नेमकी तिथेच अडते. पुढे मी ट्रिनिटी कॉलेज लंडनचा एटीसीएल हा डिप्लोमा केला. त्यालाही पदवी लागत नाही. अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ परीक्षकासमोर आपला कार्यक्रम वाजवायचा असतो.

मला वाजवता येतं, एवढं त्या कागदाने सिद्ध झालं. शिकवता येतं का, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं. ते विचारलं एका भजनी मंडळातून आलेल्या मुलाने, तेही न बोलता. त्याचा उजवा हात पेटीवर इतका तयार होता की मी बघत राहिले. डावा हात मात्र अगदी कोरा. बरोबरच होतं, त्या हाताने इतकी वर्षं फक्त भाता मारला होता. शिवाय पेटीचा आवाज कमी-जास्त होतो तो भात्याने. पट्टी हळू दाबा की जोरात, फरक पडत नाही. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते; बोट जितक्या वेगाने खाली जाईल तितका आवाज, आणि मग तो विरतच जातो. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो सगळं एकाच आवाजात वाजवायचा.

नवशिक्यांच्या पुस्तकाप्रमाणे त्याला पांढरी एकवर आणायला हवं होतं. त्याचा सा मात्र काळी एकचा. मी तिथूनच सुरुवात केली. काळी एकपासूनच्या शुद्ध सप्तकात पाचही काळ्या पट्ट्या येतात. पुस्तकं या डी फ्लॅट मेजरला फार पुढे ढकलतात. पण शोपाँ आपल्या शिष्यांना बी मेजरची स्केल आधी द्यायचा, कारण लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आपसूक बसतात. त्याच आधारावर मी पुस्तक बाजूला ठेवलं. डाव्या हातात नुसता सा-प धरायचा, उजव्याने त्याचंच भजन. मग खालचा सूर कुठे बदलला तर वरचा सूर जास्त खुलतो, ते त्याने स्वतः शोधायचं. हार्मनीचा पहिला धडा असा झाला. पांढरी एक आणि बास क्लेफ नंतर आले, आणि फार त्रास न देता आले.

गायनमंडळातून येणाऱ्या मुलींचं दुखणं वेगळं. त्यांचे कॉर्ड पक्के, पण बोटं एकसष्ट पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर वाढलेली. म्हणून मी घरी अठ्ठ्याऐंशी वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. खरा पियानो आमच्या खाऱ्या, दमट हवेत सांभाळणं खिशाला परवडत नाही: तारांना गंज, आतल्या फेल्टला ओल.

पदवी नसल्याचं नुकसान झालंच नाही, असं मी म्हणणार नाही. कॉलेजात हार्मनी, इतिहास, इतर वादकांची साथ आणि चुका दाखवणारे सोबती एकाच छताखाली मिळाले असते. मी ते सुटं सुटं गोळा केलं: एनसीपीएच्या कार्यक्रमांतून, टीचरच्या क्लासमध्ये मागे बसून दुसऱ्यांचे धडे ऐकताना, धोबी तलावच्या फुर्टाडोजमधून आणलेल्या पुस्तकांतून. त्याला वेळ जास्त लागला, आणि काय राहिलं आहे हे दरवेळी मलाच ओळखावं लागलं.

आता गायनमंडळातली एखादी मुलगी विचारते, ‘मिस, मीही शिकवू का?’ मी म्हणते, शिकव, पण वर्षभर कुणाच्या तरी नजरेखाली. आणि आपली हद्द ठरवून घे. माझी हद्द सहावी ग्रेड. त्यापुढे ज्याला जायचंय, त्याला मी मुंबईतल्या माझ्याहून जाणत्या शिक्षकाकडे पाठवते. महिन्याची एक फी जाते खरी, पण तो मुलगा माझ्यापाशी अडकून पडत नाही.